"टाकी नुकतीच उपसून घेतलीये" असं विकणारा म्हणाला तर: एका घरखरेदीचं प्रकरण

घर जुनं पण भक्कम होतं, मूळ दोन बेडरूमचं, नंतर वर आणखी दोन खोल्या चढवलेल्या, मागे मोठी मोकळी जागा, कडेला विहीर आणि सार्वजनिक ड्रेनेज लाइन नाही, म्हणजे सगळं सांडपाणी आवारातल्याच सेप्टिक टाकीत. घेणारे नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी असे पाच जण. विकणारे वयस्कर गृहस्थ, गेली काही वर्षं एकटेच राहत होते. भिंती, छप्पर, वायरिंग सगळं दोघांनी नीट तपासून घेतलेलं, टाकीचा विषय निघाला तेव्हा काकांनी पावती दाखवली, दोनच आठवड्यांपूर्वी गाडी बोलावून टाकी पूर्ण उपसून घेतली होती. फ्लश दाबून बघितले, पाणी झर्रकन जात होतं. व्यवहार जवळजवळ ठरलाच होता, पण त्या ताईंना वाटलं की एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ आणि म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं (घर घ्यायच्या आधी सांडपाण्याची व्यवस्था तपासून देणं हे माझं काम).

काका खोटं बोलत नव्हते हे आधीच सांगतो. टाकी खरंच उपसली होती आणि त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी घेणाऱ्यांसाठी चांगलंच काम करून ठेवलंय. अडचण अशी की उपसलेली टाकी बघून व्यवस्थेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, उलट जे कळलं असतं तेही पुसलं जातं. गाळ किती साचला होता, वरचा तवंग किती जाड होता, पाणी कुठपर्यंत चढत होतं, हे सगळं गाडीबरोबर निघून जातं.

टाकी नक्की काय करते ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरातलं पाणी टाकीत आलं की जड ते खाली बसतं, त्याचा गाळ होतो, तेल-तूप, साबण असलं हलकं वर तरंगतं, त्याचा तवंग होतो, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ थोडाफार खातात, पूर्ण नाही, म्हणून तो वाढत जातो आणि अधूनमधून उपसावा लागतो. बाहेर पडलेलं पाणी मग जमिनीत मुरायला हवं, कुठे त्यासाठी शोषखड्डा असतो, कुठे खडी भरलेले चर असतात. पाणी शुद्ध करायचं खरं मोठं काम ही माती करते. पण लोक बघतात ती टाकी, कारण तिला झाकण असतं, ती दाखवता येते. माती कुणी दाखवत नाही आणि कुणी विचारतही नाही, आणि पैसा जातो तो बहुतेक वेळा मातीच्याच बाजूला.

आता हिशोब बघा. टाकी आतून 2.4 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंत पाण्याची खोली 1.25 मीटर, म्हणजे बरोबर 3000 लिटर. एक माणूस दिवसाला साधारण 130 लिटर पाणी वापरतो असं धरलं तर दोन आठवड्यांत होतात 1820 लिटर. म्हणजे टाकीत पाणी पाऊण मीटरच्या आसपास असायला हवं होतं, बाहेरच्या पाइपापासून चांगलं अर्धा मीटर खाली. असं असतं तर त्या दोन आठवड्यांत चरांकडे एक थेंबही गेला नसता आणि फ्लश मस्त चालतोय याला काही अर्थच नव्हता, रिकाम्या टाकीत पाणी जाणारच की.

झाकण उघडलं तर पाणी पाइपाच्या तळाच्याही 5 सेंटिमीटर वर उभं. घरात कुठलाच नळ चालू नव्हता.

इथे घाई करायची नाही, कारण जास्तीचं पाणी दोन-तीन वाटांनी येऊ शकतं. एक म्हणजे घरातलाच एखादा फ्लश गळत असतो. टाकीला तडा असेल तर जमिनीतलं पाणी आत झिरपतं, तेही होतं. आणि तिसरं म्हणजे चर भरलेले असतात आणि तिकडचं पाणी उलटं येतं. फ्लशच्या टाक्यांमध्ये खायचा रंग टाकला, अर्धा तास कुणी काही दाबायचं नाही असं सांगितलं, तर वरच्या बाथरूममध्ये भांड्यात रंग उतरलेला दिसला. रबरी झडप झिजलेली, आवाजही येत नव्हता इतकी बारीक गळती, पण बारीक गळतीसुद्धा दिवसाला 80-100 लिटर सहज नेते आणि मोठी असेल तर कित्येकशे लिटर. त्यामुळे टाकी भरलेली का होती याचं उत्तर मिळालं. पण पाइपाच्या वर पाणी का उभं होतं याचं नाही मिळालं, कारण गळतीचं पाणी पाइपापर्यंत चढलं की बाहेर वाहून जायला पाहिजे, ते वर साठून राहतंय म्हणजे पुढे वाट बंद आहे. मग उपसा करणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो दादा, टाकी रिकामी होत आली तरी बाहेरच्या पाइपातून पाणी उलटं येत होतं, मी काकांना म्हणालो पण होतो." काकांना त्याचा अर्थ कळला नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच होतं, आणि ते एका फोनवर मिळालं. पावतीवर नंबर असतोच, घर घेणाऱ्याने तो फोन स्वतः करावा. गाडीवाल्याला त्या आवाराबद्दल जे माहीत असतं ते बाकी कुणालाच नसतं.

टाकीच्या भिंतीवर अजून एक खूण होती. पाण्याच्या नेहमीच्या रेषेच्या वर जवळजवळ वीतभर उंचीवर काळपट पट्टा होता, म्हणजे पूर्वी कधीतरी पाणी तिथपर्यंत चढून बराच काळ राहिलं होतं. उपशाची गाडी ही खूण नेऊ शकत नाही. शिवाय बाहेर जाणाऱ्या तोंडाशी जी आडवी भिंत किंवा टी, म्हणजे T आकाराचा पाइप, असायला हवी (तवंग आणि गाळ अडवून फक्त मधलंच पाणी बाहेर सोडणारी) ती होतीच कुठे, सिमेंटची होती ती खाऊन गेलेली, एक तुकडा फक्त राहिलेला. टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, ओलसर भिंतीवर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते सिमेंट खातं, म्हणून जुन्या टाक्यांमध्ये पाण्याच्या वरचा भाग आधी जातो. टी गेली की तवंग सरळ चरात. किती वर्षं जात होता कोण जाणे.

आता प्रश्न होता की अडलंय कुठे. टाकी आणि चर यांच्यामधला पाइप तुंबला असेल तर एका दिवसाचं काम, चरच बसले असतील तर सगळं गणित बदलतं. हे ओळखायची जागा म्हणजे वाटणीचं चेंबर, जिथे पाणी येऊन दोन चरांत विभागलं जातं. ते मातीखाली गेलेलं होतं, लोखंडी सळईने टोचत टोचत शोधलं. चेंबर कोरडं निघालं असतं तर आधीचा पाइप तुंबलाय म्हणून आम्ही सुटलो असतो. तसं झालं नाही, चेंबर काठोकाठ भरलेलं, दोन्ही तोंडं पाण्याखाली.

पहिल्या चरात कॅमेरा घातला, पूर्ण लांबीभर पाणी. शेजारी गिरमिटाने भोक पाडलं तर त्यातही काळं पाणी आलं आणि वास. या चरावर गवताचा एक लांब हिरवागार पट्टा होता, बाकीचं अंगण वाळलेलं असताना, बघायला छान वाटतं आणि घर बघायला आलेल्या माणसाला ते कौतुकाचं वाटतं, पण खालून पाणी मिळतंय म्हणून ते हिरवं असतं. दुसऱ्या चरातला कॅमेरा मात्र काही अंतरावर जाऊन थांबला, पाइप चेपलेला. वर काय होतं बघितलं तर पार्किंगच्या फरश्या. काही वर्षांपूर्वी गाडी लावायला म्हणून चराच्या जवळजवळ चार मीटर लांबीवर फरशी टाकली होती आणि गाडीच्या वजनाने पाइप बसला. त्याच्या पुढे माती कोरडी ठणठणीत. म्हणजे दोन चरांचं पाणी इतकी वर्षं एकट्या पहिल्या चरात जात होतं, तेही तवंगासकट, आणि घरात एकच माणूस होता म्हणून ते कसंबसं चालून गेलं.

मला इथे सगळ्यात जास्त काळजी वाटली ती पाच जणांची. एका माणसाच्या वापरावर व्यवस्था धापा टाकत असताना तिथे पाच जण राहायला गेले असते, कपड्यांचं मशीन, मुलांच्या अंघोळी, पाहुणे, तर नव्या घरातल्या पहिल्या महिन्यातच खालच्या बाथरूमच्या मोरीतून मैल्याचं पाणी वर आलं असतं. आणि तोवर खरेदीखत झालेलं असतं.

किती पाणी मुरू शकतं

जमीन पोयट्याची होती, ना चिकणमाती ना वाळू. अशा जमिनीत टाकीतून आलेलं पाणी चौरस मीटरमागे दिवसाला साधारण 20 ते 25 लिटर मुरतं, चिकणमातीत त्याच्या निम्म्याहून कमी, वाळूत जास्त. दोन चर, प्रत्येकी 15 मीटर लांब आणि 0.9 मीटर रुंद, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ 27 चौरस मीटर, म्हणजे 540 ते 675 लिटर. पाच माणसांचे होतात 650. थोडक्यात सगळं नव्यासारखं असतं तरी कुटुंबासाठी जेमतेमच होतं, कारण चर खोदले तेव्हा घर दोन बेडरूमचं होतं. वर खोल्या चढवताना बाथरूम वाढलं पण जमिनीखाली काहीच वाढवलं नाही. हे फार घरांत दिसतं, म्हणून घर बघताना वाढीव बांधकाम कधी झालं आणि त्या वेळी सांडपाण्याच्या व्यवस्थेची परवानगी नव्याने घेतली का, हे विचाराच.

फरशीखाली दाबलेली चार मीटर माती सोडून दिली तर दुसऱ्या चराचे 11 मीटर उरतात. पहिला चर काही काळ बंद ठेवावा लागणार होता. चराच्या तळाशी जिवाणूंचा काळा चिकट थर बसतो, थोडा असला तर तो उपयोगीच असतो, पाणी सावकाश सोडतो, पण अन्न जास्त आणि हवा नाही असं झालं की तो जाड होऊन माती बंद करून टाकतो. त्यावर बाजारात मिळणाऱ्या पावडरी ओतून काही होत नाही. चर कोरडा ठेवला, हवा आत गेली की हवेत जगणारे जिवाणू तो थर हळूहळू खातात, याला महिने लागतात, आणि तवंग खूप गेला असेल तर चर पूर्ण परत येईलच असं नाही.

म्हणून मी तिसऱ्या नव्या चराचा सल्ला दिला, 15 मीटरचाच. नवा चर आणि दुसऱ्याचे 11 मीटर मिळून 23.4 चौरस मीटर, दिवसाला 470 ते 585 लिटर. पहिला परत चालू होईपर्यंत कुटुंबाने दिवसाचं पाणी 500 लिटरच्या आत ठेवायचं, माणशी 100 लिटर, हे जमण्यासारखं आहे. मागच्या मोकळ्या जागेचं महत्त्व इथे कळतं. घेणाऱ्यांच्या डोक्यात तिथे शेड टाकायची होती. ज्या घराला सेप्टिक आहे त्या आवारात नवीन चर खोदायला एक कोरी जागा कायम राखून ठेवावी लागते, ती बांधून टाकली की चर बसल्यावर दुसरा पर्यायच उरत नाही. आणि जागा असून भागत नाही, चराच्या तळाखाली भूजलापर्यंत साधारण मीटरभर कोरडी माती हवी, नाहीतर पाणी न गाळताच भूजलात मिसळतं. खड्डा घेऊन ते बघितलं, माती चांगली निघाली.

विहिरीबद्दल दोन शब्द. जुना चर विहिरीपासून 24 मीटरवर होता. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, 15 ते 30 मीटर अंतर बहुतेक ठिकाणी सांगतात, नवा चर आम्ही 32 मीटरवर आखला. पण अंतर बघून समाधान मानू नका, पाणी तपासून घ्या, कोलिफॉर्म जिवाणू (मैला मिसळल्याची खूण) आणि नायट्रेट दोन्हीसाठी. सेप्टिक टाकी नायट्रोजन फारसा काढत नाही, तो नायट्रेट होऊन जमिनीतून लांब जातो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आहे. उकळून जिवाणू मरतात पण नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे ते उलट थोडं वाढतं. या घरचा रिपोर्ट दोन्ही बाबतीत चांगला आला.

व्यवहार कसा झाला

घेणाऱ्या दादांचा पहिला सूर "सोडून देऊ हे घर" असाच होता आणि ताईंना घर हवं होतं. माझं मत असं की सेप्टिक बिघडलंय एवढ्यावरून घर सोडायची गरज नसते, नव्या चराला जागाच नसेल तर मात्र सोडावं. इथे जागा होती, माती होती, परवानगी मिळण्यासारखी होती. काकांना सगळं चेंबरपाशी नेऊन दाखवलं, ते आधी दुखावले, मग शांतपणे ऐकलं. त्यांनी फ्लशची झडप, टाकीतली नवी टी आणि तिच्यावर जाळी, फरशी काढून चेपलेला पाइप बदलणं हे करून द्यायचं, तिसरा चर घेणाऱ्यांनी करायचा आणि तेवढी किंमत कमी करायची असं ठरलं. शिवाय एक अट माझ्या आग्रहावरून करारात गेली: काही रक्कम अडवून ठेवायची आणि जोराच्या पावसाचे दिवस होऊन गेल्यावर पाणी सोडून चाचणी केली की मगच ती द्यायची. कोरड्या दिवसांत बरेच चर चांगले वागतात. पावसाने माती भिजलेली असते तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते.

चाचणी अवघड नाही, पण ती टाकी पाइपापर्यंत भरलेली असतानाच करायची, नाहीतर पुन्हा तेच, पाणी टाकीतच राहील आणि सगळे खूश होतील. पूर्ण दिवसाचं पाणी दोन तासांत सोडायचं, टाकीत आणि वाटणीच्या चेंबरमध्ये काठीने पातळी मोजायची, चढू द्यायची आणि मग ती किती वेळात पाइपाच्या तळाला परत येते ते लिहून ठेवायचं. पावसानंतरच्या चाचणीत चेंबरमधली पातळी चार-पाच बोटं चढली आणि काही तासांत उतरली. नवा चर पटकन पाणी घेत होता, दुसरा जरा सावकाश. काकांना त्यांची रक्कम मिळाली.

आता रोजचं. त्या कुटुंबाला मी जे सांगितलं ते असं. वर्षातून एकदा लांब काठीला खरबरीत पांढरं कापड गुंडाळून टाकीत तळापर्यंत घालायची, काळा डाग जिथपर्यंत येतो तेवढा गाळ, आणि तवंगाची जाडी वेगळी मोजायची. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झालं, इथे म्हणजे 40 सेंटिमीटरच्या आसपास, की उपसा करायचा. पाच जणांच्या घरात हे बहुधा दोन ते चार वर्षांनी येतं, पण तारखेपेक्षा काठीवर विश्वास ठेवा. उपसा मोठ्या झाकणातून करून घ्यायचा, बारीक पाइपातून फक्त पाणी निघतं आणि गाळ तळाशी राहतो. गाडीवाल्याला उपसताना पाणी उलटं येतंय का हे बघायला सांगायचं आणि ते पावतीवरच लिहून घ्यायचं. उपसल्यावर टाकी घासून धुवायची नाही, आत काही टाकायचंही नाही, नवे जिवाणू रोजच्या मैल्याबरोबर आपोआप येतात. भूजल वर आलेलं असताना प्लास्टिक किंवा फायबरची टाकी पूर्ण रिकामी करू नका, ती जमिनीतून वर उचलली जाते. यांची सिमेंटची होती पण शेजाऱ्यांची नव्हती म्हणून सांगून ठेवलं.

संडासात मैला, कागद आणि पाणी याशिवाय काही जायला नको. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी विरघळत नाहीत, सॅनिटरी पॅड, डायपर, उरलेली औषधं, रंग, थिनर हे तर नाहीच. स्वयंपाकघरातलं तेल गाळून वेगळं टाकायचं. फरशी पुसायला नेहमीचं थोडं ब्लीच चालतं, बाटल्याच्या बाटल्या ओतणं नाही. कपडे आठवडाभर विभागून धुवायचे, एका दिवशी सगळे धुतले की टाकीत गाळ बसायला वेळ मिळत नाही आणि तो ढवळून चरात जातो. छपराचं पावसाचं पाणी टाकीत किंवा चरांच्या दिशेने सोडायचं नाही. चरांवर फक्त गवत, झाड नाही, गाडी नाही, शेड तर अजिबात नाही.

आणि झाकण. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि सांगत राहणार. टाकीत कधीही, कुणीही, कशासाठीही उतरायचं नाही, रिकामी दिसली तरी नाही, आत काही पडलं तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की त्याचा वास येणं बंद होतं, माणसाला वाटतं वायू गेला आणि तो दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. टाकीवर वाकून आत डोकं घालायचं नाही, जवळ काडी-विडी पेटवायची नाही, मिथेन असतो. या घरातलं एक झाकण तडकलेलं होतं आणि त्यावर कुंडी ठेवून दिलेली. घरात मुलं येणार होती. झाकण राहायला यायच्या आधी बदलून घ्या, कुलूप लागेल असं बसवा असं मी सांगितलं आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच केलं.

पहिला चर अजून बंद आहे. चेंबरमधलं त्याचं तोंड बूच लावून ठेवलंय, शेजारच्या गिरमिटाच्या भोकात पाणी दिसायचं बंद झालंय, पण तळाची माती अजून काळी आहे. पुढच्या पावसानंतर पुन्हा भोक घेऊन बघायचं आणि माती तपकिरी झाली असेल तर थोडं थोडं पाणी सोडून बघायचं असं ठरलंय. तोवर ताई दर महिन्याला पाण्याच्या मीटरचा आकडा एका वहीत लिहितात, त्याच वहीत टाकी, चेंबर आणि तिन्ही चरांचा नकाशा घराच्या कोपऱ्यापासूनची मापं घालून काढलेला आहे.